लाल वर

मित्राच्या मुलीचं लग्न होतं. बुफेच्या रांगेत हातात ताट धरून उभा होतो, तेवढ्यात तो फेटा सावरत आला आणि खांद्याला धरून त्यानं मला आपल्या व्याह्यांपुढे उभं केलं. "हा माझा मेकॅनिक," म्हणाला, आणि फोटोवाल्यानं हाक मारली म्हणून तसाच स्टेजकडे पळाला. व्याही वाईकडचे, अदबीनं बोलणारे. नमस्कार झाला, मठ्ठ्याचा ग्लास त्यांनी स्वतः आणून दिला आणि दोन मिनिटांनी जरा बाजूला घेऊन विचारलं, "आपलं गॅरेज कुठं असतं? आमच्या गाडीचा क्लच पसरणीचा घाट चढताना जळका वास मारतो." मी चौतीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांची डिझाइनं केली. गॅरेजशी संबंध आला तो गिऱ्हाईक म्हणून. पण का कोण जाणे, तसं सांगितलं नाही. "चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती सोडा, आणि प्लेट एकदा उघडून बघायला सांगा," असं म्हणालो. त्यांनी खूश होऊन माझा नंबर घेतला.

रिक्षात बायको म्हणाली, "अहो, नीट सांगायचं ना त्यांना." मी म्हटलं, "तो खोटं कुठं बोलला? मेकॅनिकच होतो मी." तिनं हा विषय लग्नाआधीपासून ऐकलेला आहे, त्यामुळे ती रस्त्याकडे बघायला लागली. रात्री मात्र झोप येईना. गॅरेजवाला समजले याचं काहीच वाटलं नव्हतं. मेकॅनिक हा आमच्या मॉडेल विमानांच्या खेळात मानाचा शब्द आहे, नियमावलीत छापलेला. सलत होता तो 'माझा'. चाळीस-बेचाळीस वर्षांनी हा मनुष्य अजून मला 'माझा' म्हणतो, आणि ते ज्या कारणानं म्हणायचा त्याचा शेवट माझ्या हातून झाला होता हे त्याच्या लक्षात आहे की नाही, या एका गोष्टीवर मी पहाटेपर्यंत कूस बदलत राहिलो.

आमची विमानं रिमोटची नव्हती. तारेची होती. दोन बारीक पोलादी तारा, एका टोकाला विमानाचा डावा पंख, दुसऱ्या टोकाला हँडल धरलेला माणूस. माणूस मध्ये उभा राहून स्वतःभोवती फिरणार आणि विमान त्याच्याभोवती. मनगट वर वळवलं की एक तार ओढली जाते, पंखातला बेलक्रँक, म्हणजे छोटीशी तरफ, हलतो, शेपटीचं एलिव्हेटर उचललं जातं, नाक वर. मनगट खाली, नाक खाली. बस, एवढंच हातात. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरनं १९४०च्या सुमारास ही युक्ती बाजारात आणली आणि जगभरच्या पोरांना खुळावून सोडलं. आमच्या आईनं एकदाच मैदानावर येऊन हा प्रकार बघितला आणि म्हणाली, "उडवायचंच आहे तर बांधून कशाला ठेवता? आणि बांधायचंच आहे तर उडवता कशाला?" मला याचं उत्तर तेव्हाही देता आलं नाही. पतंग उडवलेल्याला थोडी कल्पना येईल, पण पतंगाची ओढ वाऱ्याच्या मर्जीची, कधी ढिली कधी घट्ट. विमानाची ओढ एकसारखी असते. इंजिनाची थरथर सोळा मीटर तारेतून येऊन तळहातात भरते, आणि उतरल्यावरही पाच मिनिटं मूठ गुणगुणत राहते. असं पायलट सांगायचा.

पायलट म्हणजे तोच, मुलीचा बाप. आमच्या चौघांच्या टोळक्यात त्याला कुणी नावानं हाक मारतच नसे.

पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्ही दोघांनी एनसीसीच्या एअर विंगमध्ये नाव घातलं. त्याला खरंच वैमानिक व्हायचं होतं. मला गणवेशाचा निळा रंग आवडला होता आणि परेडनंतरच्या रिफ्रेशमेंटबद्दल चांगलं ऐकलं होतं. परेडपेक्षा आम्ही रमलो ते एरोमॉडेलिंगच्या खोलीत. तिथल्या गृहस्थांचं पद 'इन्स्ट्रक्टर-कम-स्टोअरकीपर' असं होतं आणि त्यांच्यातलं स्टोअरकीपर अंग फार जोरात होतं. अर्धं ब्लेड मागितलं तरी रजिस्टरवर सही. बाल्साच्या, त्या हलक्या लाकडाच्या, फळ्या ते कपाटातून अशा काढत की जणू देव्हाऱ्यातून टाक काढतायत. पण हात सोन्याचा. रिब कापताना ब्लेड ओढायचं नाही, लाकडाला मागू द्यायचं, असं म्हणायचे, आणि त्यांच्या हातात लाकूड खरंच मागायचं. खोलीला डोपचा, म्हणजे विमानाला द्यायच्या रोगणाचा, वास होता, पेअर-ड्रॉपच्या गोळ्यांसारखा गोड, डोकं जड करणारा. इंजिनं कलकत्त्याची, ऑरोरा. छोटीशी डिझेल इंजिनं, सुपारीच्या अडकित्त्याएवढी. त्यांना स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. वर एक आडवी दांडी असलेला स्क्रू, तो पिळून सिलिंडरमधली जागा कमी करायची, पंख्याला बोटानं फटका द्यायचा आणि दाबानंच इंधन पेटायचं. पेटलं तर. नाहीतर पंखा उलटा फिरून बोटावर बसायचा. माझ्या उजव्या तर्जनीवर दुसऱ्या पेराखाली अजून पांढरी रेघ आहे.

इंधनाचं सांगायलाच हवं, कारण आज तो वास कुठंही आला तरी माझं वय एकोणीस होतं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण एकास एकास एक. रॉकेल रेशनचं, आईच्या स्टोव्हच्या डब्यातून काढायचो आणि ती खूण करून ठेवायची. एरंडेल वाण्याकडचं चालत नसे, औषधाच्या दुकानातलं शुद्ध लागे, आणि दर पंधरवड्याला बाटली न्यायला लागल्यावर दुकानदारानं एकदा काळजीनं "घरात कोणाला त्रास आहे का?" असं विचारलं होतं. ईथर कुठून मिळवायचो ते सांगत नाही. प्रयोगशाळेतले ते सेवक आता हयात नाहीत, पण तरी नको. तिन्ही एकत्र केल्यावर जो वास येतो तो अर्धा दवाखान्याचा आणि अर्धा ट्रकचा. न जळालेलं एरंडेल धुराबरोबर बाहेर पडून शर्टावर, केसांवर, सायकलच्या सीटवर बसायचं. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडायचे. आई म्हणायची, घाण्याला जुंपलेला बैलसुद्धा इतकं तेल अंगावर घेऊन येत नाही. उपमा तिला वाटली त्याहून नेमकी होती, कारण तेल तर होतंच आणि गोल फिरणंही होतं.

त्या गोल फिरण्यानंच आमची वाटणी केली. आधी दोघंही उडवायचो. मी आठव्या फेरीला खाली बसलो, शब्दशः, हँडल धरून मातीत बसकण मारली, भोवती मैदान फिरतंय, विमान कुठं आहे पत्ता नाही, आणि पायलट लांबून ओरडतोय, "विमानाकडे बघ, जमिनीकडे बघू नको!" तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तेच. तो मात्र पन्नास फेऱ्या मारून चहाला निघाल्यासारखा सरळ चालत यायचा. उलट इंजिन त्याचं ऐकत नसे. तो फटके मारून मारून दमायचा, मी येऊन इंधनाची नीडल पाव आटा उघडून कॉम्प्रेशन जरासं सोडायचो आणि दुसऱ्या फटक्याला ते बोलायला लागायचं. मग ठरलंच. त्याला हँडल, मला पंखा. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा. विमान माझ्या हातातून सुटायचं आणि क्षणात त्याचं होऊन जायचं. मी परिघावर उकिडवा बसून बघत राहायचो, हाताला ईथरचा गारवा.

रेसिंगचं खूळ डोक्यात शिरलं ते 'एरोमॉडेलर' या ब्रिटिश मासिकाच्या जुन्या अंकांमुळे. कॅम्पात एका रद्दीवाल्याकडे गठ्ठाच मिळाला. त्यात टीम रेसची वर्णनं होती: एकाच वर्तुळात तीन विमानं एकदम, मध्ये तीन पायलट एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून फिरतायत, आणि बाहेर प्रत्येकाचा मेकॅनिक. इंजिन अडीच सीसीच्या आत. टाकी इतकीशी की मध्येच उतरून इंधन भरल्याशिवाय शर्यत पुरी होणार नाही. तारेची लांबी १५.९२ मीटर. हा काय विचित्र आकडा म्हणून पायलटनं वहीच्या मागच्या पानावर परिघाचं सूत्र, २πr, मांडलं, तर परीघ शंभर मीटर. शंभर फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर, अंतिम फेरीत दोनशे फेऱ्या म्हणजे वीस. आम्हाला त्या हिशोबाचाच इतका आनंद झाला की त्या दिवशी कोणी अभ्यास केला नाही.

विमान बांधायला सव्वादोन महिने लागले. पायलटच्या मामांनी मर्चंट नेव्हीतल्या कुणाकडून तरी इंग्लंडातल्या मॅकल्सफील्डमध्ये बनलेलं पीएडब्ल्यू इंजिन आणवलं होतं, २.४९ सीसीचं, वापरलेलं पण ठणठणीत. त्याच्यासाठी पंख माझ्या खोलीत तयार झाला. पॉलिश पेपर घासून घासून बोटांचे ठसे गेले. बाल्साची भुकटी चहाच्या कपात, वहीत, पापणीवर. तारेचा प्रश्न मोठा होता. मासिकात एकपदरी पोलादी तार सांगितली होती, तीन दशांश मिलिमीटर, कुठंही पीळ किंवा गाठ नसलेली. बोहरी आळीत सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी पायलट, जो मूळचा मिरजेचा, सुट्टीत घरी गेला आणि सतारमेकर गल्लीतून तारेचं भेंडोळंच घेऊन आला. सतारीच्या मुख्य तारेची जाडी साधारण तीच. त्या कारागिरानं विचारलं म्हणे, एवढी तार कशाला, किती सतारी करताय? यानं सांगितलं, विमान उडवायचंय. त्यावर कारागीर शांतपणे म्हणाला, मग सुरात लावून घ्या. ही गोष्ट पायलट इतक्या वेळा सांगतो की त्यात किती मीठमसाला आहे हे आता त्यालाही सांगता येणार नाही. पण उडताना ती तार वाजायची, हे खरं. विमान वाऱ्याच्या तोंडावर आलं की स्वर चढायचा, पाठीवर वारा घेतला की उतरायचा.

हँडल मी केलं. प्लायचं, इंग्रजी डी अक्षरासारखं, मुठीच्या मापानं तासलेलं. वरच्या टोकाला वरची तार, खालच्या टोकाला खालची. हे उलटं हातात आलं की अपचं डाऊन होतं आणि डाऊनचं अप; शिकाऊ पोरांची निम्मी विमानं अशीच मोडतात. म्हणून वरच्या टोकाला मी ताईच्या नेलपॉलिशचे दोन हात दिले. लाल वर. उडण्याआधी तो हँडल उचलून मला दाखवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "लाल वर!" मी अंगठा दाखवायचो. लग्नातल्या 'सावधान'सारखं ते झालं होतं. त्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही.

दुसरी जोडी आमच्याच कॉलेजची, एक वर्ष पुढची. चौघांनी मिळून नियम ठरवले, पन्नास फेऱ्या, दोन वेळा उतरणं सक्तीचं. मैदानात चुन्यानं वर्तुळ आखायचं, एका पोराला क्रीमरोलचं आमिष दाखवून फेऱ्या मोजायला बसवायचं. दोन पायलट मध्ये एकमेकांभोवती फिरायचे, पाठीला पाठ घासत. ज्याचं विमान मागून वेगानं आलंय त्यानं वरून ओलांडायचं, आणि ते ओलांडताना त्याचा हात दुसऱ्याच्या डोक्यावरून जाणार. फुगडी आणि कुस्ती यांच्या मधलं काहीतरी. इंधन संपलं की इंजिन एकदम गप्प व्हायचं, विमान तरंगत उतरायचं आणि डाव्या बाजूनं मातीवरून धावत माझ्याकडे यायचं. ते डाव्या हातानं पंखाला धरायचं. वर्तुळात पाय टाकायचा नाही, दुसऱ्याची तार डोक्यावरून चालली असते. पायलट मध्ये उकिडवा बसून हँडल जमिनीला टेकवून धरायचा, म्हणजे दुसऱ्याला त्याच्यावरून जाता यावं. पिळायच्या बाटलीनं टाकी भरायची, गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन कणभर सोडायचं, फटका, फटका, पेटलं. मग तो "हां!" म्हणून ओरडणार आणि मी सोडणार. आमचा विक्रम अकरा सेकंदांचा होता. त्या अकरा सेकंदांत मला चक्कर यायची नाही, हेवा वाटायचा नाही, काही वाटायचंच नाही. फक्त बोटं असायची.

१९८२च्या फेब्रुवारीतली गोष्ट. तिसावी-एकतिसावी फेरी असेल, आमचं विमान दुसऱ्यांदा उतरलं. पुढे आम्ही होतो. पकडलं चांगलं, भरलं चांगलं, पहिल्याच फटक्याला इंजिन पेटलं. दुसऱ्यांचं विमान डोक्यावरून गरगरत होतं, मोजणारं पोरगं आकडे ओरडत होतं, कुणीतरी काहीतरी बोललं. मला वाटलं, 'हां' आलं.

मी सोडलं.

विमान दहा-बारा फूट धावलं, उठलं, आणि नाक वर करून चढतच गेलं. सरळ होईना. चढत चढत उलटं झालं आणि पाठीवर येऊन मातीत आपटलं. आवाज अगदी लहान झाला, पापड मोडल्यासारखा. पंख्याचा एक तुकडा माझ्यापर्यंत आला. पंख मधोमध तुटून त्यातला बेलक्रँक बाहेर लोंबत होता, बदकाच्या पायासारखा. मला त्या क्षणी पक्कं कळलं काय झालं ते: तो तयार नव्हता, त्यानं 'हां' म्हटलंच नव्हतं, हँडल जमिनीवर असताना मी विमान सोडून दिलं, तारा ढिल्या होत्या आणि ते भरकटलं. पायलट आला, तुकडे गोळा करायला लागला. मीही गोळा केले. तो काही बोलला नाही. मीही नाही. दुसरी जोडी उतरली, त्यांनी हळहळ व्यक्त केली, क्रीमरोल सगळ्यांनी मिळून खाल्ले. इंजिन रुमालात बांधून त्यानं खिशात टाकलं. परीक्षा आल्या, मग प्रॅक्टिकल्स, मग त्याचं मेडिकल झालं आणि डोळ्यांच्या नंबरावरून हवाई दलाचं दार बंद झालं. तो बँकेत लागला. नवं विमान बांधायचं आम्ही खूप दिवस बोलत होतो.

१९९७ साली कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं, मिडलंड्समध्ये. तिथल्या वर्कशॉपमधल्या एकाला माझं हे जुनं वेड कळलं आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेला तो मला लिंकनशरमध्ये बार्क्स्टन हीथच्या धावपट्टीवर घेऊन गेला. तिथं तेव्हा मॉडेल विमानांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरायच्या. शेकडो तंबू, चिप्सचा वास, आणि त्या सगळ्यातून मला आधी तो वास आला. ईथर, रॉकेल, एरंडेल. पाय आपोआप तिकडे वळले. जाळीपलीकडे टीम रेस चालली होती. मासिकात जे काळ्या-पांढऱ्या चित्रांत बघितलं होतं ते समोर होतं, आणि माझी समजूत किती बाळबोध होती ते दोन मिनिटांत कळलं. विमानं दोनशे किलोमीटरच्या आसपास. एक फेरी दोन सेकंदांच्याही आत. नुसत्या डोळ्यांना विमान दिसत नव्हतं, रंगाचा एक पट्टा दिसत होता. पाचशे ग्रॅमच्या आतबाहेरचं ते विमान त्या वेगात हाताला नऊ-दहा किलोनं ओढतं, आणि ती ओढ छातीशी धरून पायलट दुसऱ्या दोघांच्या मधून जवळजवळ पळत असतात. हातानं विमानाला पुढे खेचून वेग वाढवला तर पंच लगेच ताकीद देतात. तीन ताकिदी झाल्या की बाहेर.

पण मी पायलटांकडे फार वेळ बघितलंच नाही. माझी नजर परिघावर. डोक्यावर हेल्मेट, डाव्या मनगटाजवळ इंधनाची दाबाखाली भरलेली छोटी टाकी, बोटाला बांधलेला व्हॉल्व्ह. पायलटनं वरून इंजिन बंद केलं, विमान सुसाट घसरत आलं, आणि त्या माणसानं वाकून, चालत्या बसची दांडी धरावी तसा पंख पकडला. पकडतानाच व्हॉल्व्ह टाकीला टेकलेला. सात सीसीची टाकी, एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्यात भरली. कॉम्प्रेशनच्या दांडीला बोटाचा स्पर्श, एक फटका, आणि विमान नाही. मी घड्याळ लावून बघितलं: तीन सेकंद. दहा किलोमीटरच्या शर्यतीला सव्वातीन मिनिटं लागतात, आणि त्यात हे दोनदा-तीनदा होतं. एक सेकंद चुकला तर पायलट अर्धी फेरी मागे पडला, आणि ती वाऱ्यातून भरून निघत नाही. शर्यत संपल्यावर त्यातला एक मेकॅनिक हातमोजा काढून बोट हवेत झटकत होता. पन्नाशीचा असेल. मी जाऊन त्याला माझी तर्जनी दाखवली. त्यानं स्वतःची दाखवली. त्याच्याकडे चार रेघा होत्या. ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

निकालाचा कागद खांबाला लावला होता. तो मी दोनदा वाचला. प्रत्येक ओळीत दोन नावं, मध्ये तिरकी रेघ. टीम रेसमध्ये अशीच लिहितात. ऐंशीच्या दशकातले सोव्हिएत जगज्जेते ओनुफ्रियेन्को आणि शापोवालोव, फ्रान्सचे सुरुग बंधू, हॉलंडचे मेटकेमेयर बंधू. ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांच्या तोंडात ही नावं जोडीनंच येतात, सवाई गंधर्वला जाणारे तबल्यावर कोण होतं ते आपसूक सांगतात तशी. एकाचं नाव दुसऱ्याशिवाय अर्धवट वाटतं. पदकंसुद्धा दोन. मी त्या कागदासमोर उभा राहून मनात आमची दोन नावं लिहून बघितली. मग मला त्या फेब्रुवारीची आठवण झाली आणि मी चिप्स घ्यायला गेलो. तिथून पायलटला एक पिक्चर पोस्टकार्ड टाकलं होतं: 'तीन सेकंद!!' एवढंच. त्याचं उत्तर आलं नाही. तो पत्रं लिहिणाऱ्यातला नव्हेच.

तर लग्नानंतरच्या रात्री हे सगळं. मग माझ्या लक्षात आलं की तो मला सगळीकडे असंच सांगतो. त्याच्या बँकेतल्या लोकांना, मुलीला, जावयाला. मी मात्र त्याला कधीच कुणापुढे 'माझा पायलट' म्हटलेलं नाही. 'कॉलेजचा मित्र' म्हणतो. चौतीस वर्षं ऑफिसात बरोबर बसणाऱ्यांनाही मी हे विमानाचं बोललो नव्हतो. दहाएक दिवसांनी वाईहून फोन आला. प्लेटच गेली होती म्हणे, बदलल्यापासून गाडी लोण्यासारखी चालते, आणि आता ब्रेकचं जरा विचारायचं होतं. तेही सांगितलं.

परवाच्या रविवारी पायलट घरी आला. लग्नाचे हिशेब संपले, पाहुणे गेले, घर खायला उठलंय म्हणाला. हातात कापडी पिशवी. त्यातून एक डबा निघाला, डब्यातून रुमाल, रुमालातून ते पीएडब्ल्यू. मुलीचं सामान आवरताना माळ्यावर सापडलं. एरंडेल वाळून त्यावर तपकिरी लाख चढली होती, पंख्याचा दांडा हलत नव्हता. "अडकलंय. तूच बघ," म्हणाला आणि खुर्चीत पाय लांब करून बसला, जसा तेव्हा बसायचा. मी तवा तापवला. एरंडेल उष्णतेनं सुटतं, जोर लावायचा नसतो. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मंद गॅसवर तव्यात ठेवून, चिमट्यानं परतत, पुरीसारखं. पाच-सात मिनिटांनी वास सुटला. बायको बैठकीतून ओरडली, "काय जाळताय?" आम्ही दोघंही काही बोललो नाही. चिंध्यांत धरून दांडा वळवून बघितला. आधी कणभर. मग पाव आटा. मग पुरा फिरला, आणि वर येताना बोटाला तो दाब लागला, मऊ, भरीव. बेचाळीस वर्षं डब्यात पडून कॉम्प्रेशन शाबूत.

पिशवीच्या तळाशी हँडल होतं. तारा गंजून तांबूस झालेल्या, तशाच गुंडाळलेल्या. त्यानं ते उचललं, मुठीत बसवलं आणि अंगठ्यानं वरचं टोक पुसलं. नेलपॉलिश अजून होतं.

"लाल वर," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, हँडलकडेच बघत, "त्या दिवशी लाल खाली होतं."

"कुठल्या दिवशी?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"मोडलं त्या दिवशी. त्या लेकाच्या तारेखालून वाकलो, हात बदलला, घाईत उलटं उचललं. डाऊन देतोय, देतोय, तर ते वरच चाललंय. कळेपर्यंत संपलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला दिसलं असणार. तू काही काढलं नाहीस, म्हणून मीही काढलं नाही." त्यानं मान वर केली. "तू माझ्याकडे बघत होतास ना?"

मी पंख्याकडे बघत होतो. मेकॅनिक पंख्याकडेच बघतो. पण ते मी बोललो नाही, आणि 'हां'चंही बोललो नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन तव्याकडे बघत उभी होती.

"पंखा आहे का याचा?" मी त्याला विचारलं.

"आठ बाय सहा लागेल ना?"

"आठ बाय सहा," मी म्हटलं, आणि तवा घासायला घेतला.